पाहुण्याचे नाव

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कोकणात जायचे ठरले. आम्ही पाच जण, त्यात माझी अम्मी पंचाहत्तरीची. हॉटेलात तिला करमत नाही, म्हणून लेकीने मोबाइलवर एक घर शोधून काढले. समुद्र जवळ, पुढे अंगण, मागे माडांची वाडी, आणि मुख्य म्हणजे पायऱ्या चढाव्या न लागणारी खोली. तारखा मोकळ्या दिसत होत्या. तिने विनंती पाठवली. अर्ध्या तासात उत्तर आले की त्या दिवसांत घर रंगवायला काढले आहे, क्षमस्व. रात्री तिने खोडी काढावी तसे आपल्या मैत्रिणीला त्याच तारखांसाठी विचारायला सांगितले. मैत्रिणीचे आडनाव काय आहे ते महत्त्वाचे नाही. ते शेख नाही, एवढे पुरे. तिला दहा मिनिटांत होकार आला. रंगाचे काम बहुधा रद्द झाले असावे.

मी चिडलो. लेक चिडली नाही, आणि तेच मला जास्त लागले. तिने शांतपणे विचारले, "अब्बा, प्रोफाइलवर नुसते 'एस.' लिहू का? आणि माझ्या फोटोऐवजी समुद्राचा टाकते."

ग्राहकाने पैसे मोजायचे आणि स्वतःला लपवायचेही, असा हा व्यवहार. याला आजकाल शेअरिंग इकॉनॉमी म्हणतात. आपली गाडी, आपली खोली, आपली रिकामी वेळ दुसऱ्याला वापरायला देऊन चार पैसे मिळवायचे. या नव्या पद्धतीने ग्राहक बदलला असे सगळेच म्हणतात. तो वस्तू विकत घेण्याऐवजी वापरापुरती घेतो, हॉटेल सोडून घरात उतरतो, जाहिरातीपेक्षा अनोळखी माणसाने दिलेल्या ताऱ्यांवर विश्वास ठेवतो. हे खरे आहे. पण एक बदल कमी बोलला जातो. पूर्वी दुकानदार गिऱ्हाइकासमोर आपला माल मांडायचा. आता गिऱ्हाईकही दुकानदारासमोर मांडले जाते. नाव, चेहरा, गाव, मागच्या यजमानांनी दिलेले दाखले. मग दुकानदार ठरवतो, घ्यायचे की नाही.

या धंद्याची जन्मकथा आता पाठ्यपुस्तकात शोभेल इतकी प्रसिद्ध झाली आहे. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत एक डिझाइन परिषद भरणार होती आणि शहरातली हॉटेले भरून गेली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडे जड जात होते. त्यांनी दिवाणखान्यात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळचा नाश्ता देऊ असे सांगितले आणि माणशी ८० डॉलर घेतले. तीन पाहुणे आले. त्यातला एक भारतातून अमेरिकेत शिकायला गेलेला तरुण होता, अगदी मराठी आडनावाचा. आपल्या वर्तमानपत्रांनी ही गोष्ट पुढे कौतुकाने छापली, ते स्वाभाविक आहे. मला मात्र त्यात दुसरेच काही दिसते. ज्या कंपनीवर पुढे नावे बघून खोल्या नाकारल्याचा आरोप झाला, तिच्या पहिल्याच रात्री, उच्चारायलाही अवघड अशा परक्या नावाच्या, सावळ्या माणसाला दार उघडले गेले होते. गरज होती म्हणून असेल. पण उघडले गेले.

अनोळखी माणसाला घरात झोपायला देणे ही काही २००७ ची कल्पना नव्हे. आपल्याकडे शेरशाह सूरीचे नाव रस्त्यांसाठी घेतात. त्याची राजवट जेमतेम पाच वर्षांची, १५४० ते १५४५. त्याचा इतिहास लिहिणारा अब्बास खान सरवानी सांगतो की दर दोन कोसांवर एक सराई होती आणि अशा १७०० सराया त्याने बांधवल्या. आकडा फुगवलेला असू शकतो, दरबारी इतिहासकारांची ती खोडच आहे. पण त्याने दिलेला तपशील वाचण्यासारखा आहे. सराईत हिंदूंसाठी वेगळ्या खोल्या आणि मुसलमानांसाठी वेगळ्या. दारात पाण्याचे रांजण भरलेले. हिंदूंसाठी थंड आणि गरम पाणी, अंथरूण, जेवण आणि घोड्यांना दाणा द्यायला ब्राह्मण नेमलेले. म्हणजे वेगळेपण होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते दाराच्या आतले होते. दारातून परत कोणी जायचे नाही, खर्च सरकारचा.

त्याच्याही दोनशे वर्षे आधी इब्न बतूता जग फिरला. १३२५ मध्ये तांजियरहून निघालेला हा माणूस दिल्लीत काझी झाला, दौलताबादेवरून गेला, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे चीनलाही पोचला. तो खरोखर चीनमध्ये गेला का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. ऐकीव गोष्टीही त्याने आपल्या म्हणून सांगितल्या असतील. तरी तिथल्या सरायांचे त्याने केलेले वर्णन मला या विषयात फार मोलाचे वाटते. संध्याकाळी सराईचा अधिकारी आपल्या कारकुनाला घेऊन येतो, उतरलेल्या प्रत्येक मुसाफिराचे नाव लिहून घेतो, कागदावर शिक्का मारतो आणि दार बंद करतो. सकाळी येऊन एकेकाचे नाव पुकारतो. मग सोबत माणूस देऊन सगळ्यांना पुढच्या मुक्कामापर्यंत पोचवतो. तो माणूस तिथल्या अधिकाऱ्याकडून सगळे सुखरूप पोचल्याची चिठ्ठी घेऊनच परत येतो. परका व्यापारी सराईऐवजी एखाद्या स्थानिक मुसलमान व्यापाऱ्याच्या घरी उतरला, तर त्याचा पैसा त्या यजमानाच्या ताब्यात जायचा आणि त्यातला काही हरवला तर भरपाई यजमानाच्या डोक्यावर.

आजच्या ॲपवर जे जे आहे ते सगळे यात आहे. नोंद, ओळख पटवणे, सुखरूप पोचल्याचा दाखला, नुकसानभरपाईची हमी. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईचे घर पाहुण्याने उद्ध्वस्त केले, तेव्हा त्या कंपनीने ५०,००० डॉलरची हमी जाहीर केली; पुढच्या वर्षी ती १० लाखांवर नेली. तेवढ्यासाठी मोठा गाजावाजा झाला. फरक इतकाच की चीनच्या त्या वहीत नाव लिहिले जायचे ते आत घेतल्यानंतर, माणूस हरवू नये म्हणून.

नाव आधी विचारण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. मुंबई वाढली तशी परगावच्या माणसांच्या मुक्कामाची सोय ज्याच्या त्याच्या जमातीने केली. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांसाठी धोबी तलावाच्या आसपास गावागावाचे कूड होते. एका गावाचा कूड, त्या गावच्या माणसाला तिथे पेटी ठेवायला आणि पथारी टाकायला जागा. हिंदू आणि जैन धर्मशाळा जातीजातींच्या. हजला निघालेल्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग काढले, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी सोय झाली, १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला शहरात खोली मिळत नव्हती आणि खाणावळीत पान मिळत नव्हते, म्हणून महाराजांना हे करावे लागले. या संस्थांनी किती घरे वर आणली हे वेगळे सांगायला नको. पण ज्याची जमात शहरात नाही, किंवा ज्याच्या जमातीला कुठेच दार नाही, त्याने काय करायचे?

त्याचे उत्तर १९१७ साली बडोद्यात मिळाले. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून परतले होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्यात नोकरी करायची होती. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न पडला, राहायचे कुठे. हिंदू हॉटेलात जात लपवून जाता आले असते, पण ते उघडकीला येणारच. शेवटी ते एका पारशी मुसाफिरखान्यात गेले. राखणदाराने सांगितले, इथे फक्त पारशांनाच उतरता येते. मग दोघांनी तोड काढली. वहीत पारशी नाव लिहायचे. राखणदारालाही पैसे हवे होते, कारण तिथे कोणीच उतरत नव्हते. रोजचा दीड रुपया ठरला आणि विदेशी विद्यापीठांत शिकून आलेले भीमराव आंबेडकर वहीपुरते अदलजी सोराबजी झाले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेले अंधारे दालन, सोबतीला एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत बाहेर निघ, नाहीतर परिणाम भोग. मग दोन मित्रांकडे विचारणा झाली, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचे होते. आंबेडकर कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

ही हकिकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिली आहे. लेक 'एस.' लिहू का म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा अदलजी सोराबजी हेच नाव आले.

त्याच आठवणींत आपल्याबद्दलही एक प्रकरण आहे आणि ते गाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९३४ मध्ये आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. प्रवासाने धुळीने माखलेले, रमजानचा महिना. दारातल्या टाकीच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान, यांनी आमचे पाणी बाटवले, असे ओरडत आला आणि बघता बघता जमाव जमला. ज्या दौलताबादेत इब्न बतूता पाहुणा म्हणून राहून गेला, तिथेच हे घडले. दार बंद करण्याची विद्या कोणत्या एका धर्माच्या मालकीची नाही. आमच्या मोहल्ल्यांतही 'फक्त आपल्यातलेच भाडेकरू' म्हणणारे आहेत, आणि आमच्या बिरादरीतही खालची-वरची घरे आहेत. हे म्हटल्यावरच मला त्या रंगकामवाल्या यजमानाबद्दल बोलायचा हक्क पोचतो.

आता अमेरिकेकडे वळू, कारण या धंद्याची पाळेमुळे तिथे आहेत. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या एका पोस्टमनने एक पुस्तिका काढली. 'द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक'. मोटारीने प्रवास करणाऱ्या काळ्या माणसाला कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल मिळेल आणि रात्री कुठे झोपता येईल, याची ती यादी होती. पहिली आवृत्ती न्यूयॉर्क परिसरापुरती, पुढच्याच वर्षी देशभराची. त्या काळात अनेक गावांत काळ्या माणसाने सूर्यास्तानंतर थांबणे जिवावर बेतायचे, त्यामुळे ही चैनीची पुस्तिका नव्हती. एसो कंपनीच्या पेट्रोल पंपांवर ती मिळायची.

त्या यादीत हॉटेलांच्या जोडीला एक सदर असायचे, टूरिस्ट होम्स. म्हणजे सामान्य माणसांची राहती घरे. पत्त्यापुढे बहुतेक वेळा कुणा बाईचे नाव. मुलगा शहरात गेला, खोली रिकामी आहे, येणाऱ्याला चादर धुऊन द्यायची, सकाळी अंडी-पाव द्यायचा आणि ठरलेले पैसे घ्यायचे. वाचकांनी नवे पत्ते कळवायचे, ग्रीन ते पुढच्या आवृत्तीत घालायचे. खोली वाटून घेण्याच्या या धंद्याचा इतिहास सांगताना सगळे त्या हवेच्या गाद्यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सत्तर वर्षे आधी, या बायकांपासून करायला हवी. ज्यांना बाजाराने दार बंद केले, त्यांनी आपापली घरे जोडून दुसरा बाजार उभा केला होता. ही पुस्तिका काढायची गरजच उरणार नाही असा दिवस येईल, अशी आशा ग्रीन यांनी त्यातच लिहून ठेवली होती. ते १९६० मध्ये वारले.

१९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेल, मोटेल, खाणावळ यांना वंश, रंग, धर्म पाहून माणूस नाकारता येणार नाही असे ठरले. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलने, आमच्या धंद्यात सरकारने पडू नये म्हणत थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. त्याच वर्षी डिसेंबरात ते हरले. ग्रीन यांची पुस्तिका दोन-तीन वर्षांत बंद पडली.

पण कायद्यात एक फट ठेवलेली होती. पाच किंवा कमी खोल्या भाड्याने देणारे घर आणि मालक स्वतः तिथेच राहत असेल, तर त्याला हा नियम लागू नाही. चर्चेत 'मिसेस मर्फीचे बोर्डिंग' असे एक कल्पित उदाहरण दिले जायचे. बिचारी विधवा, चार खोल्या, तिने कोणाला घरात घ्यायचे ते तिने ठरवावे. १९६४ मध्ये ही सवलत क्षुल्लक वाटली असेल. कारण प्रवासी मिसेस मर्फीकडे फारसा जातच नव्हता, तो मोटेलात जात होता. चाळीस-पन्नास वर्षांनी मोबाइल आला आणि जगभरातल्या मिसेस मर्फी एका बाजारात गोळा झाल्या. ग्राहक हॉटेलातून घरात गेला, म्हणजे कायद्याच्या छपराखालून फटीत गेला. सवयी बदलतात तेव्हा हक्कही नकळत जागा बदलतात.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. २०१५ च्या जुलैत हार्वर्डच्या तीन संशोधकांनी पाच अमेरिकी शहरांतल्या सुमारे ६,४०० यजमानांना खोलीसाठी विनंत्या पाठवल्या. मजकूर सारखाच, फक्त नावे वेगळी. काही गोऱ्यांमध्ये आढळणारी, काही काळ्यांमध्ये. गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के होकार आले, काळ्या नावांना ४२ टक्के. मालक महागाचा असो की स्वस्ताचा, घर पूर्ण देणारा असो की आपल्याच घरातली खोली देणारा, फरक राहिला. काही मालकांनी काळ्या पाहुण्याला नकार दिला आणि मग त्या रात्री खोली रिकामीच गेली. पैशाचे नुकसान सोसले पण दार उघडले नाही. अर्थशास्त्रज्ञ म्हणतात बाजार भेदभावाला शिक्षा करतो. शिक्षा झालेली मालकांना बहुधा कळली नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या प्रवाशांनी आपापले अनुभव समाजमाध्यमांवर मांडायला सुरुवात केली, तेव्हा कंपनी हलली. माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांना सल्ल्यासाठी घेतले, नोव्हेंबरपासून प्रत्येक सदस्याकडून भेदभाव न करण्याची हमी घेणे सुरू केले. २०१८ मध्ये होकार येईपर्यंत पाहुण्याचा फोटो यजमानाला न दाखवण्याचे ठरले. २०२२ पासून ओरेगॉन राज्यातल्या पाहुण्यांचे, एका दाव्यातल्या तडजोडीमुळे, होकार मिळेपर्यंत नावाचे फक्त पहिले अक्षर दिसू लागले. म्हणजे माझ्या लेकीने जो उपाय अर्ध्या मिनिटात सुचवला, तो तिथे वकिलांनी मिळवला.

आणखी एक अभ्यास मला आशेचा वाटतो आणि थोडा खिन्नही करतो. काळ्या नावाच्या पाहुण्याच्या खात्यावर आधीच्या यजमानाचा एक जरी चांगला अभिप्राय असला, तर नकारातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. एक कोणीतरी पहिला हवा. पहिल्याने घेतले की दुसऱ्याची भीती जाते. पण गोऱ्या नावाला या पहिल्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे घटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली. बडोद्याच्या त्या बागेत बसलेला माणूसच घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे लक्षात ठेवून ते कलम वाचावे. खासगी घर मात्र त्यात येत नाही, आणि सोसायटीने आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवले तर चालते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००५ मध्ये आला. योगायोगाने तो खटला अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा होता. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दलित नावांना नकार होते, मुसलमान नावांना त्याहून जास्त. हे वाचून आमच्यापैकी कोणाला आश्चर्य वाटले असेल असे वाटत नाही. मुंबई-पुण्यात नोकरीला लागलेल्या कोणत्याही मुलाला विचारा. फरक इतकाच की पूर्वी दलाल तोंडावर सांगायचा, "तुमच्यात देत नाहीत हो." राग यायचा, पण कशाचा ते कळायचे. ॲप असे काही सांगत नाही. तारीख राखाडी होते, रंगकाम निघते, आणि आपण स्वतःलाच विचारत राहतो की मनात तर नाही ना आले.

लेकीचा तो 'एस.' मी लिहू दिला नाही. तू बरोबर मी चूक असेल, पण पूर्ण नाव ठेव, असे म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही. पुढे दोन ठिकाणी उत्तरच आले नाही. तिसरे घर दापोलीच्या बाजूला मिळाले, समुद्रापासून जरा आत. यजमान काकू साठीच्या, मुलगा पुण्यात, घर मोठे आणि त्या एकट्या. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. सासूबाईंना पायऱ्या चालतील का, आणि मासे खाता ना. अम्मी सासू नाही, माझी आई आहे, हे सांगायचे राहूनच गेले. चार दिवस त्या दोघी ओट्यावर बसून आमसुलांचे भाव आणि गुडघेदुखी यावर बोलत होत्या. आधार कार्डे त्यांनी निघायच्या दिवशी मागितली, मुलगा ओरडतो म्हणून, आणि आमची पाच नावे वहीत हळूहळू, अक्षर लावत लिहून घेतली. अम्मीचे नाव दोनदा विचारले.

पुण्याला पोचेपर्यंत त्यांच्या मुलाने आमच्याबद्दलचा अभिप्राय टाकला होता. पाच तारे, आणि खाली एक ओळ, कुटुंब चांगले आहे, घर स्वच्छ ठेवले. लेकीने तो मला दाखवला. तिच्या खात्यावरचा तो पहिला.

"आता मे महिन्यात त्या रंगवाल्यांना परत विचारते," ती म्हणाली.